आक्कांच्या पानात काय वाढायचं?

"ह्याला तुम्ही भाकरी म्हणता व्हय?"

आक्कांनी ताटातला पांढराशुभ्र चतकोर दोन बोटांनी उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. "ह्यातनं पलीकडचं झाड दिसतंय की गं हेमा."

"तांदळाची आहे, आक्का," मी म्हणाले. "पेडणेकरवहिनींनी मुद्दाम शिकवली मला."

"त्येंच्या मालवणात खात असतील. आमच्यात आजारी माणसाला देत्यात असलं काहीतरी." त्यांनी तो चतकोर आमटीत बुडवून खाल्ला, पाणी प्यायल्या आणि ताट माझ्याकडे सरकवलं. "बरं झालंय, खरं..."

आमच्या कोल्हापुराकडे 'पण' म्हणायचं असलं की 'खरं' म्हणतात. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आक्कांचं 'खरं' नेहमी तिथेच थांबायचं. पुढे त्या काही बोलायच्या नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर बघत बसायच्या. आमटी खारट झालीय, भात गिच्च झालाय, असं काही बोलल्या असत्या तर मी भांडले तरी असते. त्या 'खरं'शी कसं भांडणार?

ही गोष्ट आसामातली, एका कागद कारखान्याच्या वसाहतीतली. जयसिंग, म्हणजे माझे यजमान, तिथे बांबूचा लगदा करायच्या विभागात इंजिनियर होते. बांबूचे ट्रक आले की हा माणूस लग्नाच्या वऱ्हाडाला सामोरं जावं तसा फाटकापर्यंत जायचा. मला ती नोकरी सवतीसारखी वाटायला हवी होती, पण माझंही त्या जागी मन रमलं होतं. दोन खोल्यांचं घर, मागे अंगण, आणि डोक्यावर कोणी नाही. नव्या संसाराला आणखी काय लागतं!

मग सासरे गेले. गडहिंग्लजजवळच्या खेड्यात आक्का एकट्या राहिल्या, म्हणून त्यांना आम्ही घेऊन आलो. जयसिंग एकुलते एक. त्यांनी मला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, "आक्काचं मन इथं लागलं तर आपण इथं राहू. नाही लागलं तर तिला त्या घरात एकटीला सोडणार नाही मी. आपणच परत जायचं. मामा साखर कारखान्यात चिकटवतो म्हणतोय." हे सांगताना त्यांचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं झालं होतं. साखर कारखान्याबद्दल बोलताना असं तोंड करणारा माणूस मी आजवर दुसरा पाहिलेला नाही.

आक्कांचं मन कशात लागेल, याचा मी फार विचार केला नाही. बाई चुलीपाशी जन्म घालवलेली. पोटात आपलं जेवण गेलं की मनही लागेल, असा साधा हिशोब मी केला. तसा हिशोब करणारी मी एकटीच नव्हते.

वसाहतीत मराठी घरं तीनच. आमचं, मालवणच्या पेडणेकरांचं आणि अमरावतीच्या काळमेघांचं. महाराष्ट्रात असतो तर आम्ही तिघी एकमेकींच्या स्वयंपाकाला नाकं मुरडून मोकळ्या झालो असतो. इथे मात्र दर गुरुवारी फाटकाबाहेरच्या रस्त्याकडेला हाट भरायचा, आणि तिथून पिशव्या भरून आलो की आम्ही तिघी कोणा एकीच्या घरी जमायचो. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि जिला जे नवीन सापडलं असेल ते तिने मधोमध ठेवायचं. मग ते हुंगायचं, चाखायचं, आणि आपल्याकडचं काय याच्या जवळ जातं ते ठरवायचं.

या सभेत पेडणेकरवहिनींच्या डोळ्यांत एकदा पाणी आलेलं मी पाहिलंय. काळपट, वाळक्या, चामड्यासारख्या चकत्या होत्या. तिकडे त्यांना थेकेरा म्हणतात. वहिनींनी एक जिभेवर ठेवली आणि मांडीवर थाप मारली. "गो बाय माझे, ह्यो तर आमच्या सोलांचो मावसभाव!" त्या दिवशी त्यांनी आमसुलांची करतात तशी त्याची कढी केली आणि पेडणेकर दोन वाट्या भात जास्त जेवले. अळू तिथे कचू नावाने भेटलं. एक तांदूळ असा चिकट मिळाला, की त्याच्या पिठाच्या मोदकाला चिरच पडेना.

आक्का आल्यावर सभेचं रूपांतर कटात झालं. आता जे काही शोधायचं ते आक्कांसाठी. काळमेघवहिनींनी बाजारातल्या मारवाड्याच्या दुकानात बाजरी शोधून काढली, तेव्हा त्या रिक्षातून उतरून आमच्या दारापर्यंत धावतच आल्या.

"माय वो हेमा, बाजरी! त्या शेठपाशी पोतंभर बाजरी होती आन मला कोणी सांगतलं नाही. मी म्हटलं, भाऊ, आहे तेवढी बांधून दे!"

ज्वारी नाही तर नाही, बाजरी तरी मिळाली. मी दळून आणली, हाताने थापली, निखाऱ्यावर फुगवली आणि वर लोण्याचा गोळा ठेवून आक्कांपुढे नेली.

आक्का भाकरीकडे बघत राहिल्या. "हेमा, म्हयना कंचा चाललाय?"

"भाद्रपद."

"भादव्यात बाजरी? माझ्या अंगावर गळवं उठवायची हायती का तुला? बाजरी थंडीत खात्यात गं पोरी."

काळमेघवहिनी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकत होत्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

थेकेऱ्याचं सार केलं. आक्का म्हणाल्या, "आंबट हाय, खरं..." अळूची पातळ भाजी केली. "अळूच हाय, खरं..." कारल्याची, दोडक्याची, वांग्याची भाजी केली. शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं, जे जे मिळेल ते घालून कोल्हापूरच्या चवीचा मसाला कुटला. त्या प्रत्येक वेळी बरं म्हणायच्या, अर्धं खायच्या आणि खिडकीकडे तोंड करायच्या. मी दुपारी वाट्या घासताना रडायची. स्वयंपाक वाया गेल्याचं दुःख नव्हतं. दर अर्ध्या भाकरीगणिक जयसिंगांचा बांबू दूर आणि साखर कारखाना जवळ येत होता, त्याचं रडू यायचं.

शेवटी नवरात्रात आक्काच म्हणाल्या, "जयसिंगा, तुम्ही दोघांनी लई केलंसा माझं. खरं दसरा झाला की मी जातो. तिकीट काढ." आमच्याकडे बायकाही 'मी जातो', 'मी येतो' असंच म्हणतात, त्यामुळे त्या म्हणाल्या ते एखादा कर्ता पुरुष बोलावा तसं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी जयसिंगांनी तिकिटं आणली. आक्कांना पोचवायला ते स्वतः जाणार होते, आणि जाता जाता मामाकडे साखर कारखान्याचं बोलून येणार होते. साहेबांच्या कानावरही त्यांनी ते घातलं होतं.

दसरा झाला. जायच्या आधीच्या गुरुवारी मी हाटाला निघाले तर आक्का चपला घालून दारात उभ्या.

"मी बी येतो. गावाकडं बायका इचारतील, एवढ्या लांब गेलतीस, काय बघितलंस म्हणून. निदान बाजार तरी बघतो."

इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच हाटात आल्या होत्या. मी त्यांना एकेक दाखवत होते आणि त्या कोणाच्या तरी घरी साड्या बघायला बसल्यासारख्या मान हलवत होत्या. हिरामोनीच्या टोपलीपाशी मात्र थांबल्या. हिरामोनी फाटकाजवळच्या गावातली, आक्कांपेक्षा थोडी लहान, विड्याने ओठ लाल झालेली बाई. आम्ही तिच्याकडून पालेभाजी घ्यायचो. पालेभाजीच्या शेजारी केळीच्या पानावर थोड्या मिरच्या मांडलेल्या होत्या. बुटक्या, लालभडक, अंगभर सुरकुत्या पडलेल्या.

"वाळली न्हाई तवर सुरकुतली, ही कसली मिरची?"

"भोट जलकिया म्हणतात इथे," मी म्हणाले. मला तेवढंच माहीत होतं. तेव्हा त्या मिरचीला जगात कोणी ओळखत नव्हतं. आम्हा तिघींपैकीही कोणी ती घेतलेली नव्हती. तिथल्या बायका एकेकच मिरची पानात बांधून न्यायच्या, त्यावरून आमचा समज झाला होता, की ती फार महाग असणार.

आक्कांनी ओंजळभर मिरच्या उचलल्या. हिरामोनीने त्यांच्या ओंजळीकडे पाहिलं, हसली, त्यातल्या दोन बाजूला काढल्या आणि बाकीच्या परत टोपलीत टाकल्या. दोन मिरच्या पानात गुंडाळून तिने आक्कांच्या हातावर ठेवल्या.

"ही काय म्हणतीया?"

"दो बहुत है, बाइदेउ," हिरामोनी तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली. बाइदेउ म्हणजे थोरली बहीण. "एक से पूरा घर खाएगा."

मी भाषांतर केलं आणि ते करायला नको होतं, हे आक्कांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"मला? दोन मिरच्या?" आक्का कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. आसामात आल्यापासून त्यांचा आवाज एवढा मोठा मी ऐकला नव्हता. "हेमा, सांग तिला. म्हणावं, ही कोल्हापूरची हाय. हिच्या घरात पोरं दात यायच्या आत ठेचा चाटत्यात म्हणावं!"

मी काय सांगितलं ते आठवत नाही. हिरामोनीने मात्र आक्कांकडे नीट निरखून पाहिलं आणि खांदे उडवून सगळ्या मिरच्या त्यांच्या पदरात ओतल्या.

घरी आल्याबरोबर आक्कांनी मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. "आज ठेचा मी करतो. खलबत्ता काढ, लसूण सोल, आन तवा तापव." तव्यावर तेल पडलं, मिरच्या पडल्या, आणि पुढच्याच क्षणाला मला घराचं दार दिसेनासं झालं. ठसका म्हणजे काय ठसका! मी पदर नाकाला लावून अंगणात पळाले. शेजारच्या आसामी दत्तांच्या घरात खिडक्या धडाधड लागल्या. पेडणेकरवहिनी खोकत खोकत आल्या. "काय जळता गो? कोण मेलां काय?"

आतून आक्कांचा खोकल्यात गुरफटलेला आवाज आला. "असाच पायजे! ह्याला म्हणत्यात मिरची!"

दुपारी जयसिंग जेवायला आले. आक्कांनी स्वतः पानं मांडली. ठेच्याचा लालबुंद गोळा, त्यावर शेंगदाण्याचं तेल, शेजारी तीच ती तांदळाची भाकरी. मी बोटाच्या टोकाला लागेल एवढाच चाटला आणि माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. "आक्का, जपून हं," मी म्हणायला गेले, तोवर त्यांनी गावाकडे घेतात तसा भाकरीच्या तुकड्यावर चांगला लिंबाएवढा गोळा घेऊन तोंडात टाकला होता.

चावला. गिळला. आम्ही दोघं बघत होतो.

"हात्तिच्या!" आक्का म्हणाल्या. "एवढंच व्हय?" आणि दुसरा घास घेतला.

त्या मिरचीची खोड अशी, की ती आधी तुम्हाला बोलू देते. दुसरा घास घशाखाली उतरला आणि आक्का एकदम ताठ बसल्या. कपाळावर घामाचे थेंब जमले. डोळे मोठे झाले, मग पाणावले. नाकाचा शेंडा लाल झाला. एक उचकी आली, मग उचक्यांची रांगच लागली.

"आक्का, पाणी?"

त्यांनी मान हलवली. कोल्हापूरची बाई ठेच्यावर पाणी मागेल?

"दही?"

पुन्हा मान हलली. जयसिंगांनी मग विचारणं सोडलं, गुळाचा खडा उचलला आणि लहान मुलाला भरवावा तसा त्यांच्या तोंडात घातला. आक्का उठल्या आणि मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन पाठमोऱ्या बसल्या. मी दह्याचं भांडं हळूच त्यांच्या शेजारी ठेवून आले. थोड्या वेळाने गेले तर भांडं रिकामं होतं.

बऱ्याच उशिरा, बसलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "त्या बाईनं मला दोन दिल्या हुत्या न्हवं?"

"होय, आक्का."

"हं."

एवढंच. रात्री त्या जेवल्या नाहीत. जयसिंग अंथरुणावर पडून छताकडे बघत म्हणाले, "संपलं, हेमा. इतके दिवस तिला अन्न गोड लागत नव्हतं. आज आपण तिला मारायचंच बाकी ठेवलं होतं." मला हसूही येत होतं आणि रडूही. दोन्ही दाबून मी कूस बदलली.

सकाळी उठून पाहते तर आक्का घरात नाहीत. चपला नाहीत, आणि ठेच्याची वाटीही नाही. जयसिंग तसेच बनियनवर स्कूटर काढून स्टेशनच्या रस्त्याला गेले. मी फाटकाकडे धावले. पहारेकरी म्हणाला, "बूढ़ी माँ? बस्ती की तरफ गई. हाथ में कटोरी था."

गाव पाच-सात मिनिटांवर. सुपारीच्या झाडांतून पायवाट जाते. बांबूच्या कुडांचं, मातीने सारवलेलं पहिलंच घर हिरामोनीचं. मी अंगणाच्या कुंपणापाशी पोचले आणि आतला आवाज ऐकून थांबले.

आक्का हसत होत्या.

सासरे गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, आणि असं खदखदून तर त्याआधीही नाही. दोघी अंगणात बुटक्या पाटांवर समोरासमोर बसल्या होत्या. मधे ठेच्याची वाटी. हिरामोनी वाटीकडे बोट दाखवून कपाळाला हात लावत होती आणि आक्का दोन्ही कानांतून वाफ कशी निघाली ते हातांनी करून दाखवत होत्या. हिरामोनी हसता हसता पाटावरून पडायची बाकी राहिली होती. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, आणि कोणाचंच काही अडलेलं दिसत नव्हतं.

"ये, ये हेमा," आक्का मला बघून म्हणाल्या. आवाज अजून बसलेलाच होता. "बरं झालं आलीस. हिनं बघ काय दाखवलं मला." त्यांनी एक काचेची बरणी उचलली. मोहरीच्या तेलात बांबूचे कोवळे कोंब किसून घातलेले, आणि त्यात एक, फक्त एकच मिरची. "ही मिरची खायाची नसतीया. तेलात ठेवायची. ते तेल बोटानं भाताला लावायचं. बास! मी तिला लवंगी मिरचीवानी कुटली, आन ती मला कुटून गेली." आणि पुन्हा हसल्या.

मी पाटाशेजारी खाली बसले. धावल्याची धाप अजून गेली नव्हती. "आक्का, सांगून तरी यायचं. हे स्टेशनवर शोधायला गेलेत तुम्हाला. आम्हाला वाटलं, रागावून निघालात."

"राग कसला?" आक्कांनी बरणी खाली ठेवली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "हेमा, तुला वाईट वाटंल, खरं सांगतो. तू रोज माझ्या पानात माझंच गाव वाढत हुतीस. भाकरी तशी, आमटी तशी, सार तसं. आन ते काय गावासारखं लागायचं न्हाई. मग मला गाव जास्तच आठवायचं. तुझे सासरे आठवायचे. घास उतरायचा न्हाई गं." त्यांनी डोळे पुसले, का मिरचीच चुरचुरत होती कोण जाणे. "कालचा ठेचा खाल्ला आन मला काय बी आठवंना. गाव न्हाई, घर न्हाई. नुसती जीभ!"

आम्ही तिघी बायांनी अख्खं आसाम धुंडाळून काढलं होतं. कचूला अळू केलं, थेकेऱ्याला सोलं केलं. जे जे नवं सापडलं त्याला जुनं नाव देऊन आक्कांपुढे ठेवत गेलो. आसाम म्हणून आसाम काही त्यांच्या पानात पडलंच नव्हतं. पडलं ते त्यांनी स्वतः भांडून, पदर पसरून आणलं तेव्हा.

"बरं, आता तिला एक इचार," आक्का एकदम कामाच्या सुरात म्हणाल्या. "हे बी पेरायचं कधी? मी मघाधरनं हातानं इचारतोय, तिला कळंना."

मी विचारलं. हिरामोनी म्हणाली, "फागुन में, बाइदेउ."

"फागुन? म्हंजे आपला फाल्गुन. शिमगा." आक्कांनी मान डोलावली. "आन मिरच्या लागायला?"

त्यानंतर आणखी तीन-चार महिने, असं हिरामोनीने बोटांवर मोजून दाखवलं. रोपाला कडक ऊन चालत नाही, मुळाशी पाणी साचलेलं चालत नाही, असं ती आणखी बरंच सांगत राहिली आणि मी सांगत गेले. आक्का एकेक गोष्ट परत विचारून पक्की करून घेत होत्या. भाषांतरापलीकडे मी एक शब्दही काढला नाही. न जाणो, मी बोलले आणि त्यांना तिकिटाची आठवण झाली तर!

तेवढ्यात पायवाटेवर स्कूटर फटफटली. जयसिंग कुंपणाबाहेर उतरले. बनियन घामाने चिकटलेलं, केस उभे. त्यांनी आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग त्या वाटीकडे.

"आक्का, अगं काय हे!"

"ओरडू नगंस. ही हिरामोनी. नमस्कार कर." त्यांनी तसाच, स्कूटरची किल्ली हातात धरून नमस्कार केला. हिरामोनी तोंडाला पदर लावून हसली. "जयसिंगा, आपल्या मागच्या अंगणात त्यो कर्दळीचा वाफा हाय न्हवं? त्यो मोकळा करून दे मला. सकाळचं ऊन तिथं येतंय, दुपारचं येत न्हाई. बेस जागा हाय."

"कर्दळ काढायची?" जयसिंगांना काही उमजेना. "अगं पण आक्का, परवा आपली गाडी आहे."

"गाडी काय, रोज असतीया," आक्का हिरामोनीने दिलेलं बी पदराच्या टोकाला बांधत म्हणाल्या. "मिरचीचं बी वर्षातनं एकदाच पेरत्यात."

जयसिंग माझ्याकडे बघत राहिले. मी होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि उगीचच स्कूटरचं सीट पुसायला लागले. कितीतरी वेळ पुसत होते.

शिमग्याला अजून पाच महिने होते. त्यांनी त्याच संध्याकाळी कुदळ घेतली आणि अंधार पडेपर्यंत तो वाफा खणला.